नाइट ड्युटी, कंबर आणि चाळीस हजारांचा कोर्स: एका सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ९ वर्षं अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) असलेल्या, ३४ वर्षांच्या एका ताईंनी विचारलंय: नाइटनंतर झोप येत नाही, कंबर धरते, छातीत जळजळ, घरी आल्यावर मुलांवर ओरडणं होतं. योग आणि निसर्गोपचाराकडे ओढा आहे. शनिवार-रविवारचा एक होलिस्टिक हीलिंगचा कोर्स दिसतोय, फी ४० हजार. करू का? आणि पुढेमागे नोकरी सोडून त्यातच काही सुरू करू का? जाता जाता शेवटी एक छोटा प्रश्नही आहे, पायाला रात्री खोबरेल लावावं की तिळाचं तेल.

ताई, यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक तुमच्या शरीराचा, दुसरा तुमच्या पुढच्या वाटेचा. शरीर थकलेलं असताना दुसऱ्याचं उत्तर शोधायला गेलं की माणूस हमखास महागडा कोर्स निवडतो, कारण त्यातून सुटका दिसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी झोप, मग कंबर, मग खाणं, आणि कोर्स सगळ्यात शेवटी. साधारण तीन महिने लागतील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या मला प्रश्नातून कळत नाहीत. नाइट्स सलग लागतात की मध्येमध्ये विखुरलेल्या, घर किती लांब आहे, तुम्ही कायम आहात की कंत्राटी, कंबरेच्या दुखण्याचं निदान झालंय का, घरात दुपारी मुलांकडे कोण बघतं. त्यामुळे खालचं जसंच्या तसं उचलू नका, आपल्या मापाचं करून घ्या. आणखी एक सांगून टाकते. नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. तुमच्या वॉर्डात रात्री एकटीवर ३० खाटा असतील तर त्या थकव्याला श्वासाचे व्यायाम हे उत्तर नाही, ते मनुष्यबळाचं दुखणं आहे आणि ते अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) लेखीच गेलं पाहिजे. तरी कंबर तुमची आहे, म्हणून ती सांभाळायची.

पहिले १४ दिवस काही बदलू नका. पेशंटची केस घेता तशी स्वतःची घ्या. खिशात मावेल अशा वहीत रोज पाच नोंदी: किती वाजता झोपलात आणि उठलात, चहा किती आणि कधी, लघवीला किती वेळा गेलात, कंबरदुखी ० ते १० मध्ये किती आणि ती नेमकी काय करताना वाढली, आणि दिवसभरात कोणती गोळी घेतली. शेवटची नोंद प्रामाणिकपणे करा. दुखण्यासाठी ट्रॉलीतली डायक्लोफेनॅक, जळजळीसाठी रोज उपाशीपोटी पँटोप्राझोल, झोपेसाठी ॲव्हिल ही ॲलर्जीची गोळी किंवा त्याहून जड काही, हे आपल्या पेशात सर्रास चालतं आणि कुणी बोलत नाही. डायक्लोने रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर आणि जठरावर भार येतो, म्हणजे ज्या जळजळीसाठी पँटोप्राझोल घेताय ती कदाचित डायक्लोच वाढवतेय. पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चाललं की बी-१२ आणि मॅग्नेशियम उतरू शकतं. ॲव्हिलने गुंगी येते, पण झोपेने मिळतो तसा ताजेपणा येत नाही आणि संध्याकाळी डोकं जड राहतं. आपण पेशंटच्या नातेवाइकाला जे ऐकवतो तेच इथे स्वतःला ऐकवायचं.

याच पंधरवड्यात तपासण्या उरकून घ्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा रक्तदाब. थकवा आणि चिडचिड या दोन्हींमागे थायरॉइड किंवा ॲनिमिया निघणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि तसं असेल तर कितीही प्राणायाम केला तरी हिमोग्लोबिन ८ चं १२ होणार नाही. हिपॅटायटिस-बीचे तीनही डोस झालेत का तेही बघा. बऱ्याच जणींचा तिसरा, सहाव्या महिन्याचा डोस राहून गेलेला असतो.

आता झोप. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारी इथून निघतात.

शरीराचं घड्याळ पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान सर्वांत मंद चालतं. तापमान तेव्हाच सर्वांत खाली जातं, लक्ष तेव्हाच सुटतं. सकाळी ९ नंतर तेच घड्याळ उलट तुम्हाला जागं करायला लागतं. म्हणून नाइटहून आल्यावर "थोडं आवरते, मुलांचे डबे करते, कपडे मशीनला लावते आणि मग पडते" हे गणित फसतं. साडेअकराला पडलेली बाई दीडला टक्क जागी होते आणि म्हणते मला झोपच येत नाही. झोप येत होती, तिची वेळ टळली.

८ ते ८ ची नाइट धरून वेळापत्रक असं बसतं. पहिल्या नाइटच्या दुपारी २ ते साडेतीन पडा, तेवढ्यात झोपेचं एक पूर्ण आवर्तन होतं. जेवण ७ च्या आत. ड्युटीवर चहा रात्री १० ला आणि फार तर १ ला. कॅफिन अर्धं उतरायला ५ ते ६ तास लागतात, त्यामुळे पहाटे ४ चा "ओव्हर देईपर्यंत (पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवेपर्यंत) टिकायला" घेतलेला चहा १० वाजताही अर्धा अंगात असतो. तुमच्याकडे सोय आणि परवानगी असेल, आणि दुसरी सिस्टर वॉर्डात असेल, तर २ ते ४ च्या दरम्यान २० मिनिटांची डुलकी घ्या. ३० च्या वर जाऊ नका. गाढ झोपेतून उठलं की १५-२० मिनिटं हात चालतात आणि डोकं चालत नाही, तेवढ्या वेळात इंजेक्शन भरू नका. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड यांचा डोस पहाटे दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा, कितीही वर्षांचा हात असला तरी.

सकाळी बाहेर पडताना गॉगल आणि टोपी. यात छानछोकी काही नाही. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळाला "दिवस झाला" असा निरोप जातो. डोळ्यांवर झापड असेल तर स्कूटर हॉस्पिटलातच ठेवा आणि एसटीने या. घाटातल्या वळणावर तीन सेकंदांची डुलकी पुरते. घरी आल्यावर वाटीभर पेज, कोमट पाण्याने आंघोळ आणि साडेनऊला अंथरूण. घरच्यांना एकच गोष्ट मागायची: साडेनऊ ते दोन दार उघडायचं नाही. मदत मागण्यापेक्षा ठरावीक तास मागितले की सासूबाईंनाही ते सोपं जातं, कारण कधी हाक मारायची आणि कधी नाही हे त्यांना कळतं. संध्याकाळी निघण्यापूर्वी आणखी दीड तास मिळाला तर घ्या. दोन तुकड्यांत मिळून ६ तास झाले तरी शरीर भागवून घेतं.

खोली कोणती हेही बघा. कोकणात दिवसा झोपणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे वरच्या स्लॅबच्या खोलीत जाणं, "तिथे शांत असतं" म्हणून. स्लॅब दुपारभर तापत जातो आणि ती उष्णता खाली सोडत राहतो. जुनं कौलारू घर असेल तर माजघरात झोपा, तिथे उजेड कमी आणि गारवा जास्त. काचेचं कौल असेल तर खालून जाड कापड ताणून लावा. ओले पडदे किंवा वाळ्याच्या ताट्या विदर्भात उपयोगी पडतात. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की ओलं कापड वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय गारवा येत नाही, उलट खोली कोंदट होते. इथे वारा फिरता ठेवणं हाच उपाय: पंखा अंगावर आणि समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या किलकिल्या. पावसात वीज गेली की पंखा थांबतो आणि झोप मोडते, तेव्हा चार्जिंगचा छोटा पंखा घेऊन ठेवा. तो खर्च या सगळ्यातला सर्वांत वसूल होणारा आहे.

शेवटच्या नाइटनंतर मात्र पूर्ण झोपू नका. ९ ते १२ एवढंच, मग उन्हात १५ मिनिटं आणि रात्री १० ला नेहमीसारखं अंथरूण. असं केलं तर एका दिवसात गाडी रुळावर येते. दिवसभर झोपलं तर पुढचे तीन दिवस रात्री जागरण. ड्युटी यादी करणाऱ्या इनचार्ज सिस्टरशी बोलता येत असेल तर फेरी मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट अशी पुढे सरकणारी मागा. उलटी फेरी, विशेषतः इव्हिनिंग संपवून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, शरीराला फार जड जाते.

आता कंबर. बहुतेक जणी आसनं शोधतात आणि वॉर्डात कंबर रोज कशी मोडतेय ते बघत नाहीत. दिवसात १२ मिनिटांचा व्यायाम आणि ६ तासांचं चुकीचं वाकणं यात वाकणंच जिंकतं.

अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, निऑशने, हाताने पेशंट हलवण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली आहे, तीही परिस्थिती अनुकूल असताना. ६० किलोंच्या माणसाचा नुसता एक पाय सुमारे १० किलो भरतो. म्हणजे घसरलेल्या पेशंटला काखेत हात घालून एकटीने वर ओढणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्याच्या खांद्यालाही इजा होते ती वेगळी. योग्य रीत अशी: ड्रॉ शीट (पेशंटच्या खाली आडवी घालायची चादर) खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी घ्या. तिची कड गुंडाळत पेशंटच्या अंगापर्यंत आणा आणि तळवे वर करून पकडा. खाटेचं डोकं सपाट करा. पेशंट शुद्धीत असेल तर गुडघे वाकवून टाचा गादीत रोवायला आणि हनुवटी छातीला लावायला सांगा. समोरच्या बाजूला वॉर्डातले मदतनीस, मामा किंवा मावशी. दोघांचाही डोक्याकडचा पाय पुढे, गुडघे सैल. "एक, दोन, तीन" ला पाठीने ओढायचं नाही, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर न्यायचं. तेवढ्याने पेशंट सरकतो. जड असेल तर ड्रॉ शीटच्या खाली गुळगुळीत प्लॅस्टिकची शीट घाला, घर्षण बरंच कमी होतं, मात्र काम झालं की लगेच काढा, नाहीतर पेशंट परत घसरतो आणि घाम साचून पाठीची कातडी खराब होते.

याहून जास्त नुकसान सलाईन लावताना होतं आणि ते लक्षातही येत नाही. खाट खाली, शीर सापडत नाही, आणि आपण सात-आठ मिनिटं वाकून उभ्या. स्टूल ओढून बसा. पेशंटचा हात उशीवर उंच घ्या. ड्रेसिंगलाही तेच. "बसून काम करते म्हणजे आळशी" असं म्हणणारे वॉर्डात एक-दोन असतात, त्यांना म्हणू द्या.

व्यायामाबद्दल एक बारकावा. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं टाळायचं. नाइटवाल्यांचा हा तास दुपारी २ ला येतो, आणि नेमकं तेव्हाच आपण केर काढायला घेतो. तासाभराने हे करा: मार्जारासन (हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली करणं) ८ वेळा सावकाश. मग त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ, १० सेकंद, प्रत्येक बाजूला ६ वेळा. कंबर डुगडुगत असेल तर नुसता पाय. सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर उचलणं) ८ वेळा. कुशीवर गुडघे टेकून कोपरावर अंग उचलणं, १० सेकंद, ४-४ वेळा. ड्युटीनंतर भिंतीला पाय लावून ७ ते १० मिनिटं पडणं. पश्चिमोत्तानासन, हलासन तूर्त नको, कंबरेतून खाली पायात कळ जात असेल तर मुळीच नको. जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पाऊल उचलता न येणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काही असेल तर आसनं बंद आणि ऑर्थोपेडिककडे त्याच दिवशी.

आणि सुट्टीच्या दिवसाचा हिशेबही लावा. जुलैत डे ऑफ म्हणजे शेतात लावणी, एप्रिल-मेमध्ये विहिरीवरून पाणी. कंबरेला तो डे ऑफ कळत नाही. लावणीला जावंच लागतं, ते मान्य. दर २० मिनिटांनी सरळ उभं राहून हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका, आणि हंडा एका कंबरेवर नेण्याऐवजी दोन हातांत दोन लहान बादल्या घ्या.

पायांचं थोडक्यात. पायावर निळ्या शिरा दिसत असतील तर १५ ते २० मिलिमीटर पारा दाबाचे स्टॉकिंग्ज, अंथरुणातून पाय खाली ठेवण्यापूर्वी घालायचे. एकदा पाय सुजले की ते घालून उपयोग नाही. मधुमेह असेल किंवा पायाची नाडी मंद लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसात बुटांचे दोन जोड ठेवा आणि आळीपाळीने घाला, ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे. चिखल्या झाल्या तर साधं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, खाज थांबली तरी चार आठवडे. स्टिरॉइड मिसळलेली मलमं नकोत. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आत पसरत राहते.

खाण्यात फार काही नवीन शोधायला नको, आपल्या घरात आहे ते वेळेवर खाल्लं तरी पुरे. नाइटला १२ च्या सुमारास हलकं काही: नाचणीची अर्धी भाकरी आणि कुळथाची पिठी, नाहीतर केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि कुळथात प्रथिनं भरपूर. २ ते ५ मध्ये घन काही नको, त्या वेळी पचन मंद असतं. फरसाण, वडापाव, बिस्किटं यांनी होणारी जळजळ ही तुमच्या पँटोप्राझोलची अर्धी गोष्ट आहे. सकाळची उकड्या तांदळाची पेज वाटीभरच, पोट भरून नाही, आणि लगेच झोपायचं असल्याने उशी उंच आणि डावी कूस, म्हणजे आम्ल वर कमी चढतं. सोलकढी दुपारी जेवताना उत्तम, पण छातीत जळत असेल तर ड्युटीच्या डब्यात नको, आमसुलाचा आंबटपणा काही जणींना बाधतो. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा चांगली. सुकट, खारं मात्र रक्तदाब वरच्या बाजूला असेल तर जपून. जेवणाला लागून चहा नको, तासाचं अंतर ठेवा, नाहीतर नाचणी आणि पालेभाजीतलं लोह चहा खाऊन टाकतो. पाणी मुद्दाम कमी पिऊन लघवी टाळणं ही आपल्या पेशातली जुनी खोड आहे. दमट हवेत घाम जातच असतो, त्यात पाणी कमी म्हणजे डोकेदुखी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. प्रत्येक औषधफेरी संपली की बाथरूम, असं जोडून टाका.

आता घरी येऊन ओरडण्याचं. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), सर्पदंश, अपघात, यातले काही पेशंट हातातून जातात, आणि पाचव्या मिनिटाला आपण पुढच्या खाटेचं टेंपरेचर घेत असतो. ते कुठेतरी साचतं. तीन मिनिटांची एक सवय लावा. ओव्हर दिल्यावर युनिफॉर्म हॉस्पिटलातच बदला. हात धुताना दहा श्वास, ४ मोजेपर्यंत आत आणि ६ मोजेपर्यंत बाहेर. लांब उच्छ्वासाने नाडी उतरते, नाडीवर बोट ठेवून स्वतःच बघा. मग वहीत एक ओळ, पेशंटचं नाव न लिहिता: आज काय जड गेलं. एवढंच. डोळे मिटून लांब ध्यान काही जणींना उलट त्रास देतं, मिटल्या डोळ्यांसमोर तेच दृश्य परत येतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीवर दाबा, आणि ध्यान जमत नाही म्हणून स्वतःला कमी समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशात मन लागत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही चालू असतो. तुम्ही सिस्टर आहात म्हणून तो तुमच्यासाठी नाही असं काही नाही.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त झोप, दुसऱ्यात कंबर, तिसऱ्यात खाणं आणि श्वास. गणपतीच्या आठवड्यात काही नवीन सुरू करू नका. घरी मुंबईकर, वॉर्डात रजा बंद, त्यात पहाटे ५ चं प्राणायाम म्हणजे झोपेतून आणखी एक तास कापणं. बहुतेकींचा योग इथेच सुटतो आणि दोष इच्छाशक्तीला जातो. काय पुढे सरकलं ते वहीच सांगेल: कंबरदुखी ७ वरून ४ वर आली असेल तर चाललंय ते बरोबर आहे, सहा आठवड्यांत आकडा हललाच नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मग तो ४० हजारांचा कोर्स. आत्ता भरू नका. भरण्याआधी चार प्रश्न विचारा: एकूण तास किती, त्यातले प्रत्यक्ष माणसांवर देखरेखीखाली किती, कुणाला काय करायचं नाही हे शिकवतात का, आणि प्रमाणपत्र कोण देतं. तिसऱ्याच्या उत्तरावरून सगळं कळतं. रक्तदाब असलेल्याला किंवा गरोदर बाईला कपालभाती नको, काचबिंदूत डोकं खाली करायची आसनं नकोत, हर्नियात पोटावर जोर नको, हे ज्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी सांगत नाहीत तिथे शिकण्यासारखं थोडंच असतं. "डिटॉक्स", "कंपनं", "सात दिवसांत साखर नॉर्मल" असे शब्द पत्रकात दिसले तर तिथेच थांबा.

योगच शिकायचा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा आहे. पहिली पायरी योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरची, २०० तासांच्या अभ्यासाची. दुसरी योग वेलनेस इन्स्ट्रक्टरची, ४०० तासांची. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून योगावर संशोधन आणि शिक्षण करतंय, पुण्यात राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. तिथली अभ्यासक्रमांची माहिती आधी बघा आणि मग फीची तुलना करा. निसर्गोपचाराचा डॉक्टर व्हायला बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी लागते. चार शनिवार-रविवारांनी ते होत नाही, आणि गळ्यात नर्सिंगचं रजिस्ट्रेशन असताना "निसर्गोपचारतज्ज्ञ" अशी पाटी लावणं अंगाशी येऊ शकतं. एखाद्याने तुमच्या सांगण्यावरून रक्तदाबाची गोळी बंद केली आणि झटका आला, तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

नोकरी सोडण्याचं म्हणाल तर घाई नको. तुमच्या हातात जे शिक्षण आहे त्याचा समग्र आरोग्यासाठी सर्वांत चांगला उपयोग वॉर्डातच आणि ओपीडीतच होतो. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी १५ मिनिटं श्वास आणि कंबरेचे व्यायाम, मधुमेह-रक्तदाबाच्या क्लिनिकमध्ये पायाची काळजी, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरच्यांना कूस बदलायला शिकवणं. हे वैद्यकीय अधीक्षकांच्या परवानगीने आठवड्यातून एकदा करून बघा. सहा महिने ते केल्यावरही ओढा तसाच असेल तर मग २०० तासांचा विचार करा. आणि कायम नोकरीत असाल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यवसाय चालत नाही, मग तो संध्याकाळचा योगवर्ग का असेना. कंत्राटी असाल तर करारनाम्यातली अट वाचा, प्रत्येकाची वेगळी असते.

राहिला तेलाचा प्रश्न. खोबरेल किंवा तिळाचं, जे घरात असेल ते, रात्री तळपायांना आणि पोटऱ्यांना चोळा. फरक तेलाने फार पडत नाही, चोळण्याने आणि पाय वर ठेवण्याने पडतो. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नको, पावसात तिथेच चिखल्या होतात. हात धुऊन धुऊन फुटले असतील तर खोबरेल हातालाही चालेल, पण झोपताना. ड्युटीवर लावू नका, तेलाने लेटेक्सचे ग्लोव्हज कमजोर होऊन फाटतात. ड्युटीवर पाण्याचा अंश असलेलं साधं मॉइश्चरायझर वापरा, आणि हात साबणाने धुतल्या धुतल्या ओल्या हातावर सॅनिटायझर घेण्याची सवय असेल तर ती सोडा, कातडी सोलवटण्याचं कारण बहुतेक तेच असेल.